गावात तंटा झाल्यावर शांतता परत आणण्यात मुलींची खरंच काही भूमिका असते, की ते भाषणापुरतं?

तुम्ही लिहिलंय की एका संस्थेसाठी प्रकल्प लिहिताय, आणि 'संघर्षानंतरच्या शांततेत मुलींची भूमिका' हे शब्द वाचून तुम्हाला प्रश्न पडतो की मुली नक्की करतात तरी काय. मी सांगते. मी त्यातलीच एक होते, फक्त तेव्हा त्याला काही नाव आहे हे माहीत नव्हतं.

आमचं गाव रत्नागिरी जिल्ह्यात, खाडीच्या काठाला. वाड्या दोन, ग्रामदेवी एक, पालखी एक. २००८च्या शिमग्यात पालखी आधी कुठल्या वाडीत न्यायची यावरून जुंपली, दोघांची डोकी फुटली आणि गावकीने आमच्या वाडीतली सात घरं वाळीत टाकली. वाळीत म्हणजे गिरणीवर दळण घेणार नाहीत, दुकानदार मीठही देणार नाही, मयताला खांदेकरी मिळणार नाहीत. जो बोलेल त्याला दंड. आमच्याकडे दंड ५०१ रुपये होता. वरचा एक रुपया शुभ म्हणून ठेवला असावा! आई दळणाचा डबा एसटीत टाकून तालुक्याला न्यायची, त्यात अर्धा दिवस जायचा.

मी तेव्हा नववीत. हायस्कूल एकच आणि बाकही एकच. माझ्या शेजारी बसणारी वरच्या वाडीतली, तिचा काका दंड वसूल करणाऱ्यांतला. पहिले काही दिवस ती भिंतीकडे तोंड करून बसली. मग एकदा तिने बीजगणिताची वही माझ्याकडे सरकवली. मागच्या पानावर लिहिलेलं: 'बोललं तर दंड हाय. लिवलं तर नाय.'

त्या पानांवर आधी गणितं आली, मग निरोप. तिच्या आजीला माझ्या आजीची तब्येत कळायला हवी असायची, दोघींचं माहेर एकाच गावातलं. पावसात आमच्या शेताचा बांध फुटला आणि सगळं पाणी वाहून गेलं. वरच्यांनी मुद्दाम फोडला, असं वाडीत झालं. बाबांनी कोयता काढून ठेवलेला. मी वहीत विचारलं. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं: 'कुर्ल्यांनी पोखरला. आमचा पण गेला.' बाबा जाऊन बघून आले, भोकं खरंच कुर्ल्यांची, म्हणजे खेकड्यांची होती. कोयता परत आडाला लागला.

पुरुष एकमेकांशी बोलत नव्हते, त्यामुळे अफवा तपासायची दुसरी वाटच नव्हती. मुलगे हे का करू शकले नाहीत? त्यांच्यावर सगळ्यांचा डोळा होता. क्रिकेटची टीमसुद्धा वाडीवार फुटली. आमच्याकडे कोणी बघतच नव्हतं, म्हणून आमचं निभावलं. नंतर नडलं तेही यामुळेच.

पुढच्या वर्षीच्या गौरीला आमच्याकडे फेर धरायला हातच पुरेनात. सात घरांत मुली पाच. वरच्या वाडीतल्या मुलींनाही आमच्याशिवाय मजा नव्हती. वहीतून ठरलं की रात्री शाळेच्या पडवीत जमायचं, कारण शाळा कुठल्याच वाडीची नाही. फुगड्या सुरू झाल्या आणि आया आम्हाला ओढून न्यायला आल्या. वरच्या वाडीची एक काकी तर चुलीतलं लाकूड हातात घेऊन आलेली. थोडा वेळ नुसती बघत राहिली. मग म्हणाली, "गो, पाय चुकतोय तुझा," आणि लाकूड भिंतीला टेकवून स्वतःच फेरात शिरली.

पण म्हणून मुलींनी तंटा मिटवला, असं मी लिहिणार नाही. तो मिटला दिवाळीनंतर, तंटामुक्त गाव समितीच्या बैठकीत. वकिलांचा खर्च दोन्हीकडे झेपेना आणि मुंबईकरांनी देवळाच्या कामाची वर्गणी रोखून धरली, ही खरी कारणं. ठरलं असं: पालखी पाळीपाळीने, दंड परत, देवीपुढे नारळ आणि गाऱ्हाणं. चटईवर सतरा पुरुष. चहा आम्ही दिला.

दंडाचा हिशेब पैशापर्यंत झाला. आमच्या वाडीतल्या सातवीतल्या एका मुलीचा मात्र झाला नाही. दळण, पाणी, धाकटी भावंडं यात तिची शाळा सुटली ती सुटलीच. बैठकीत दाखवायला तिच्याकडे पावती नव्हती.

पुढे पश्चिम आफ्रिकेतल्या सिएरा लिओन देशाबद्दल वाचताना हीच मुलगी डोळ्यांसमोर आली. तिथलं यादवी युद्ध १९९१ ते २००२ चाललं. लढणाऱ्यांकडून हत्यारं घेऊन त्यांना पुन्हा समाजात बसवायची योजना निघाली, पण त्यात शिरायला बहुतेक वेळा बंदूक जमा करावी लागे. पळवून नेलेल्या कितीतरी मुली टोळ्यांत स्वयंपाक करत, ओझी वाहत, जबरदस्तीच्या 'बायका' म्हणून राहत. त्यांच्याकडे द्यायला बंदूक नव्हती, म्हणून लाभही नाही. गावी परतल्या तर पदरात मूल आणि लोकांची बोलणी.

शेजारच्या लायबेरियाचं उदाहरण सगळे देतात, तुम्हीही द्याल. तिथलं यादवी युद्ध थांबवायच्या वाटाघाटी घानात चालल्या होत्या; २००३ साली शांततेसाठी झटणारी लेमा बोवी आणि तिच्यासोबतच्या ख्रिस्ती-मुस्लिम बायकांनी त्या दालनाची दारं अडवली. ऑगस्टमध्ये करार झाला, २०११ला तिला नोबेल मिळालं. मोठंच काम. पण त्या बाया होत्या, मुली नव्हे, आणि कागदोपत्रीसुद्धा हा फरक आहे. संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेचा २०००चा ठराव १३२५ निर्णयात स्त्रियांना जागा द्या म्हणतो; मुलींचं नाव येतं ते मुख्यतः संरक्षण आणि गरजा या भागात. २०१५चा ठराव २२५० तरुणांचा, पण त्यात तरुण म्हणजे १८ ते २९. पंधरा वर्षांची, वही सरकवणारी पोरगी दोन्हींच्या मधल्या फटीत पडते.

तेव्हा प्रकल्पात 'मुलींना शांतिदूत बनवू' असं कृपा करून लिहू नका. निरोप पकडला गेला की मार तिलाच बसतो. माझ्या मैत्रिणीला एकदा बसला होता, काकाकडूनच. समेटाच्या बैठकीत मुलींचं काय गेलं हे वेगळं विचारायची सोय ठेवा, आणि बैठक शेवटच्या एसटीच्या आत संपवा, नाहीतर त्या येणारच नाहीत. वाळीत टाकण्याचं प्रकरण असेल तर महाराष्ट्रात त्याविरुद्ध २०१६चा कायदा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. आमच्या वेळी तो नव्हता.

वही तिच्याकडेच आहे. सासरी घेऊन गेली. नवऱ्याला अजून वाटतं, बायकोला बीजगणिताचं वेड आहे.