जर्मनीत केगल आणि बॉलिंगची एकच राष्ट्रीय संघटना का आहे? तळघरातल्या खेळाला फेडरेशन कशाला लागतं?

‘तळघरातला खेळ’ हे शब्द वाचले आणि राहवलं नाही. हेच शब्द मी आमच्या धाकट्या दिरांच्या तोंडून ऐकत आलेय. गणपतीच्या जेवणात, दिवाळीच्या फराळाला, आणि एकदा तर माझ्या सामन्यानंतर तिथेच, सगळ्यांसमोर. त्यामुळे हे उत्तर थोडं त्यांनाही आहे. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: केगल म्हणजे लांब लेनवरून बॉल सोडून टोकाच्या नऊ पिना पाडायचा खेळ.

तुम्ही न्युर्नबर्गला नोकरीसाठी येताय, ऑफिसशेजारच्या गास्टहाउसच्या, म्हणजे जेवण-बीअरच्या खाणावळीच्या, तळघरात केगलचा क्लब आहे आणि त्यात नाव घालावं का, असंही तुम्ही खाली विचारलंय. घाला. बाकीचं पुढे सांगते.

आधी संघटनेचं. डॉइचर केगलर-उंड बोलिंगबुंड, सगळे डीकेबी म्हणतात. तिची सुरुवात १८८५ साली ड्रेस्डेनला झाली, गावोगावच्या केगल क्लबांचा मध्यवर्ती संघ म्हणून. तेव्हा प्रत्येक गावाची लेन वेगळी, बॉल वेगळा, नियम वेगळे. आजही एकच केगल नाही. उत्तरेकडे, हॅम्बुर्ग-बर्लिनच्या बाजूला ‘बोले’ खेळतात: लेन जेमतेम ३५ सेंटीमीटर रुंद, मध्ये किंचित खोलगट आणि तब्बल २३.५ मीटर लांब. पश्चिमेला ऱ्हाइन आणि सारलांडकडे ‘शेरे’, म्हणजे ३५ सेंटीमीटरची लेन अर्ध्या वाटेनंतर पसरत जाऊन सव्वा मीटरची होते. आणि आमच्या दक्षिणेत, शिवाय झाक्सन-थ्युरिंगेनकडे ‘क्लासिक’, लेन १९.५ मीटरची. हे तीन नऊ पिनांचे प्रकार, आणि चौथं दहा पिनांचं बॉलिंग, जे तुम्ही मॉलमध्ये खेळला असाल. चौघांचे कारभार वेगळे आहेत. बॉलिंगचं सगळं ‘डॉइचे बोलिंग उनिओन’ बघते, स्पर्धा त्यांच्या, नियम त्यांचे. डीकेबी वरचं छत्र आहे. जर्मन ऑलिंपिक महासंघात या खेळांच्या वतीने बसायला एकच खुर्ची मिळते, आणि तिच्यावर बसायला एकच संघटना लागते. ‘एकच का’ याचं कारण मुख्यतः एवढंच.

‘कशाला’ हा प्रश्न मात्र मला बोचला.

मी सांगलीची. शाळेत खो-खो खेळले. गल्लीत आम्ही खेळायचो तो खो-खो आणि आंतरशालेय स्पर्धेतला खो-खो यात जमीन-अस्मानाचा फरक होता, आणि तो फरक कुणीतरी बसून नियम लिहिले म्हणून पडला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पुण्यात डेक्कन जिमखान्याच्या मंडळींनी ते काम केलं. पाटी किती लांब, खांब कुठे, वेळ किती. ते केलं म्हणून सांगलीची पोर सोलापूरच्या पोरीशी मैदानावर भिडू शकली आणि निकाल दोघींनी मान्य केला. केगलचंही तेच आहे, फक्त ते जर्मनीत घडलं म्हणून आपल्याला दिसत नाही.

लग्नानंतर इथे, बांबेर्गजवळच्या एका गावात आले तेव्हा मला ना भाषा येत होती, ना नोकरी होती. शेजारच्या बाई, वयाने माझ्या आईएवढ्या, मला गास्टहाउसच्या तळघरात घेऊन गेल्या. चार लेन, लाकडी बाक, भिंतीवर जुन्या चषकांचं कपाट. हातात बॉल दिला. याला बोटं घालायला भोकं नसतात. १६ सेंटीमीटरचा, पावणेतीन किलोहून थोडा जड, नुसता तळव्यात पेलायचा आणि वाकून जमिनीलगत सोडायचा. खो-खोत मांड्या आणि कंबर तयार झालेली असल्यामुळे वाकणं जमलं. पुढे मी क्लबाच्या बायकांच्या दुसऱ्या संघात गेले. तुम्हाला वाटत असेल गावातला विरंगुळा, पण याच बांबेर्गच्या व्हिक्टोरिया क्लबचा महिला संघ कितीतरी वेळा जर्मन विजेता झालाय, आणि मी ज्या नियमांनी खेळते त्याच नियमांनी.

आता तो सामना. घरच्या लेनवर होता, चौघींचा संघ. भावोजी त्या शनिवार-रविवारी फ्रँकफर्टहून सहकुटुंब आले होते, म्हणून बघायला बसले. मी राखीव होते. शेवटच्या जोडीत (जोडी म्हणजे आमची एक आणि समोरच्या संघाची एक) माझ्या त्याच शेजारीण बाई खेळत होत्या आणि दुसऱ्या लेननंतर त्यांचा खांदा धरला. बदली म्हणून मला उतरवलं.

क्लासिकमध्ये प्रत्येकीचे १२० थ्रो, चार लेनवर ३० - ३०. त्यातले पहिले १५ भरलेल्या नऊ पिनांवर, म्हणजे दर वेळी नऊच्या नऊ उभ्या. पुढचे १५ साफ करण्याचे: उरलेल्या पिना तशाच राहतात, शेवटची पडेपर्यंत नवीन नऊ उभ्या राहत नाहीत. खेळ इथे कळतो. मागच्या कोपऱ्यात एकटी पिन उरली की तीन-तीन थ्रो तिच्यामागे जातात आणि समोरची बाई तेवढ्यात पुढे निघून जाते. प्रत्येक लेन म्हणजे एक सेट. जास्त सेट जिंकणारीला संघाचा एक गुण. सेट २-२ झाले तर दोघींच्या एकूण पिना मोजतात. आणि चारही जोड्या संपल्या की ज्या संघाच्या एकूण पिना जास्त त्याला आणखी दोन गुण.

माझ्या वाट्याला आलेल्या जोडीत दोन्ही सेट गेलेले होते, आणि बरेच पिनांनी. बाकी तीन जोड्यांपैकी आमची एकच जिंकली होती, पण तिने तिच्या प्रतिस्पर्ध्याला पिनांत खूप मागे टाकलं होतं. म्हणजे मला दोन्ही सेट जिंकायचे होते आणि वर संघाच्या एकूण पिनाही सांभाळायच्या होत्या. समोर विशीतली मुलगी, लहानपणापासून खेळणारी.

तिसऱ्या लेनवर मला लय सापडली. पुढची पिन आणि तिच्या शेजारणीच्या मधली फट, बस, तेवढंच बघत राहिले. एकदा नऊच्या नऊ गेल्या आणि मागून आमचा सगळा बाक ओरडला. तो सेट स्पष्ट जिंकला. चौथा अटीतटीचा झाला. साफ करताना मागची एक पिन अडली, मग पुन्हा अडली. शेवटच्या थ्रोला दोन पिना उभ्या होत्या, दोन्ही गेल्या, सेट एका पिनेनं आमचा झाला. सेट २-२. एकूण मोजल्या तर आमच्या बाजूच्या पिना दोन कमी. जोडीचा गुण त्यांचा. पण मी भरून काढलेल्या पिनांमुळे संघाची बेरीज आमची जास्त होती, ते दोन गुण आमचे. सामना ३-३.

त्यांच्यातले एक गृहस्थ कुरकुरले, की तुमची तिसरी लेन डावीकडे ओढते. आमच्या स्पोर्टवार्टने, म्हणजे क्लबात खेळाचा कारभार बघणाऱ्याने, लेनच्या तपासणीचं प्रमाणपत्र काढून त्यांच्यापुढे ठेवलं. स्पर्धेची लेन ठराविक मापांत आहे की नाही हे संघटनेच्या वतीने तपासलं जातं, त्याशिवाय लीगचा सामना लावताच येत नाही. गृहस्थांनी वाचलं, मान हलवली, दोन्ही संघप्रमुखांनी गुणपत्रकावर सह्या केल्या. विषय संपला. डीकेबी कशाला लागते, त्याचं माझं उत्तर हे आहे. माझ्या बाईंचा खांदा, माझे दोन सेट, त्या मुलीच्या दोन पिना, हे सगळं खरं ठरलं, कारण लेन आमच्या मर्जीची नव्हती.

आणि तेव्हा भावोजी म्हणाले, “दोन तास घाम गाळून बरोबरी? तळघरातला खेळ आणि त्याला फेडरेशन!”

तेव्हा पाहुणे होते म्हणून गप्प बसले. त्यांचं नेहमीचं म्हणणं असं, की नऊ पिनांचं जुनं लोढणं गळ्यात आहे म्हणून जर्मनीत बॉलिंग मागे राहिलं, नाहीतर ऑलिंपिकला गेलं असतं. हे मला अजिबात पटत नाही. बॉलिंग १९८८ला सोलच्या ऑलिंपिकमध्ये प्रदर्शनीय खेळ म्हणून झालंच होतं. पुढे ते कायमचं घेतलं गेलं नाही, तो निर्णय जगाचा, त्यात फ्रांकेनमधल्या, म्हणजे आमच्या या भागातल्या, तळघरांचा काय दोष? भारतात तर टेनपिनची स्वतःची फेडरेशन आहे, तिच्या गळ्यात कुठल्याच नऊ पिना नाहीत. आशियाई खेळांत बॉलिंग १९७८ला बँकॉकला आलं आणि पुढच्याच, १९८२च्या दिल्लीच्या खेळांत नव्हतं. तिथे कुणाचं लोढणं होतं? भावोजी चांगलं बॉलिंग खेळतात, मी मानते. पण ते दर शनिवारी पैसे भरून लेन भाड्याने घेतात आणि मित्रांबरोबर खेळतात. गेली कित्येक वर्षं मी सांगतेय, क्लबात जा, लीग खेळा, मग बोला.

काही गोष्टी मात्र तुम्हाला सांगायलाच हव्यात. डीकेबीची सदस्यसंख्या वर्षानुवर्षं घटतेय. गास्टहाउस बंद पडतात, त्यांच्याबरोबर तळघरातल्या लेनही जातात. आमच्या क्लबात माझ्याहून तरुण माणसं फार थोडी आहेत. एका छोट्या खेळाचे तीन-तीन प्रकार सांभाळणं खर्चिक आहे आणि त्यावर आतल्या आतही वाद होतात. मी फक्त क्लासिक खेळलेय, त्यामुळे बोलेवाल्यांना माझं काही पटणार नाही. आणि खेळाच्या संध्याकाळी बीअर असते, हे खरं आहे. मी सफरचंदाचा रस पिते, कुणी कधी आग्रह केलेला नाही.

न्युर्नबर्गला तुम्हाला क्लासिकच मिळेल. सरावाची संध्याकाळ कोणती ते विचारा आणि नुसते जाऊन बसा, पहिल्यांदा कुणी पैसे मागत नाहीत. पांढऱ्या किंवा फिकट तळव्याचे, आतच वापरायचे बूट घेऊन जा, रस्त्यावरच्या बुटांनी लेनजवळ उभं करणार नाहीत. सुरुवातीला सगळे मिळून ‘गुट होल्त्स’ म्हणतात, ही केगलवाल्यांची शुभेच्छा, तुम्हीही म्हणा. जर्मन मोडकी असली तरी चालेल, आकडे मात्र आधी पाठ करा, कारण तिथे सगळं बोलणं आकड्यांचंच असतं. लीग खेळायची झाली तर खेळाडूचा पास लागतो. त्याचा अर्ज तुम्ही नाही, क्लब करतो. भारतीय पासपोर्टमुळे मला काहीच अडचण आली नाही. पहिले काही महिने साफ करण्याच्या थ्रोंचाच सराव करा. भरलेल्या पिनांवर सगळ्यांना मजा येते, सामने मात्र त्या मागच्या एकट्या पिनेवर जातात.