निळे कागद बंद करू नका

प्रश्न : माझा मुलगा बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे. लग्नसराईत सांगलीतल्या एका फोटोग्राफरकडे सेकंड शूटर म्हणून जातो, पैसेही बरे मिळतात. आषाढी झाली की काम थांबतं. यंदा त्याने कसल्याशा पावडरी आणून कागदाला लावायला सुरुवात केली आहे. वर झाडाची पानं मांडून कागद उन्हात ठेवतो आणि मग बाथरूममध्ये धुतो. सगळीकडे निळे डाग! त्याचे बाबा म्हणतात, या दिवसांत एडिटिंग शिक, नाहीतर बँकेच्या परीक्षांचा अभ्यास कर. मी कोणाची बाजू घेऊ?
– एक आई, सांगली

नमस्कार ताई,

बाजू मुलाची घ्या, पण बाबांचं एक म्हणणं मान्य करून. एडिटिंग त्याने शिकायलाच हवं. लग्नाच्या ऑर्डरमध्ये आता अल्बमबरोबर व्हिडिओ आणि रील्स मागतातच, आणि ज्याला ते येत नाही त्याला स्वतःचं काम सुरू करणं जड जातं. तेव्हा सकाळचा वेळ एडिटिंगला. दुपार त्याची त्याला राहू द्या.

तो करतोय त्याला सायनोटाइप म्हणतात. जॉन हर्शेल या इंग्रज शास्त्रज्ञाने १८४२ मध्ये ही पद्धत शोधली. पुढच्याच वर्षी ॲना ॲटकिन्स या बाईंनी समुद्रशैवालांचे असेच निळे ठसे काढून त्यांचं पुस्तक करायला घेतलं. फेरिक अमोनियम सायट्रेट आणि पोटॅशियम फेरिसायनाइड यांचं द्रावण कागदावर लावून तो अंधारात वाळवायचा. ऊन लागेल तिथे निळं होतं, पानाखाली पांढरं राहतं. ऊन कमी पडलं, तर धुताना निळा रंग पाण्याबरोबर निघून जातो. थोडंसं जास्त पडलं, तर पातळ पानातून उजेड आरपार जातो आणि त्याच्या शिरा कागदावर उमटतात. श्रावणात घटकेत ऊन, घटकेत पाऊस. अशा आभाळाखाली कागद कधी उचलायचा याचा अंदाज त्याला स्वतःच बांधावा लागतो. एक्स्पोजर, म्हणजे उजेड किती आणि किती वेळ पडू द्यायचा, हे एरवी कॅमेराच परस्पर ठरवून टाकतो. इथे ते तो हाताने शिकतोय.

मात्र काळजी घ्यायला सांगा. हातमोजे हवेत, भांडी आणि ब्रश वेगळे हवेत, स्वयंपाकघरातलं काहीही वापरायचं नाही. आणि एक गोष्ट कटाक्षाने पाळायची: बाथरूम साफ करायचं ॲसिड या रसायनांच्या जवळपासही नको. तीव्र ॲसिडशी संयोग झाला तर विषारी वायू तयार होऊ शकतो. कागद धुवायला वेगळा टब द्या, म्हणजे डागांचं भांडणही मिटेल.

आता खरा मुद्दा. लग्नात अंतरपाट एकदाच दूर होतो. त्या क्षणी नवं काही करून बघायची सोय नसते, नसावीही. लोकांनी विश्वासाने काम दिलेलं असतं. त्यामुळे फोटोग्राफर हमखास जमणारंच करत राहतो. तोच कोन, तीच लेन्स, नवरा-नवरीला तीच पोझ. दोन-तीन सीझन असे गेले की हात सफाईदार होतो आणि नजर थांबते. धंद्यात चुकायला जागा नसेल, तर ती दुसरीकडे कुठेतरी ठेवावीच लागते.

हळदीचंच उदाहरण घ्या. शटर एक पंधरांश सेकंदावर ठेवला आणि फ्लॅश शटर बंद होताना उडेल असा लावला (याला रिअर कर्टन सिंक म्हणतात), तर नाचणाऱ्या करवलीची हालचाल मागे रेघांसारखी ओढली जाते आणि चेहरा मात्र स्वच्छ येतो. छान दिसतं. पण पहिले कितीतरी फोटो वाया जातात, आणि ते गिऱ्हाइकाच्या हळदीत वाया घालवता येत नाहीत. घरी संध्याकाळी दिवा मालवून धाकट्या भावंडाला टॉर्च फिरवायला लावली, तर ते खुशाल वाया घालवता येतात.

तरीही प्रत्येक खेळाचा असा उपयोग निघेलच, असं मी म्हणणार नाही, आणि तुम्हीही त्याला रोज विचारू नका. सॉल लायटर हा अमेरिकन फोटोग्राफर फॅशन मासिकांची कामं करून पोट भरायचा. सोबत न्यूयॉर्कमधल्या आपल्या वस्तीत फिरून धुकट काचांमागची माणसं, बर्फातली लाल छत्री असे रंगीत फोटो काढायचा, कधी मुदत संपलेल्या फिल्मवरसुद्धा. त्यातले बरेचसे कित्येक वर्षं तसेच पडून होते. २००६ मध्ये त्या फोटोंचं पुस्तक आलं आणि जगाने दखल घेतली, तेव्हा तो ऐंशी पार केलेला होता. त्याच्या फॅशनच्या फोटोंतही तीच नजर दिसते, आणि मला वाटतं ती या फिरण्यातूनच आली. अशी कीर्ती तुमच्या मुलाला मिळेल असं आश्वासन कोणीच देऊ शकत नाही. त्याची स्वतःची नजर तयार व्हावी, एवढ्यासाठीच मी हे सांगतोय.

चातुर्मासात वेळ आहेच, पण तुळशीचं लग्न झालं की पुन्हा धावपळ सुरू होईल. तेव्हा अमुक वार खेळाचा असं ठरवून टिकत नाही, कारण मुहूर्त वार बघत नाहीत. त्यापेक्षा कार्यालयात अर्धा तास आधी पोचायचं आणि स्वतःच्या मोबाइलवर ऑर्डरमध्ये नसलेलं टिपायचं: मांडवाबाहेरच्या चपला, आचाऱ्यांची गडबड, रांगोळीवर पडलेलं ऊन. मालकाच्या मेमरी कार्डावर हे अजिबात नको, आणि कोणाचा चेहरा असेल तर विचारल्याशिवाय ते इन्स्टाग्रामवरही नको. खरं तर पहिलं वर्षभर काहीच टाकू नये. लाइक्स मोजायला लागलं की ज्याला दाद मिळते तेच पुन्हा पुन्हा होतं.

पुढे शिकायची इच्छा असेल, तर एनआयडी या राष्ट्रीय डिझाइन संस्थेच्या गांधीनगर कॅम्पसमध्ये फोटोग्राफी डिझाइनचं एम.डेस. (डिझाइनमधली पदव्युत्तर पदवी) आहे. चित्रपटाकडे ओढा असेल तर पुण्याच्या एफटीआयआय या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये सिनेमॅटोग्राफी. दोन्हीकडे पदवी आणि प्रवेशपरीक्षेची तयारी लागते; कोणती पदवी चालते हे त्यांच्या माहितीपत्रकात आधी बघून घ्या. मुलाखतीत दाखवायला लग्नाचे अल्बम त्याच्याकडे असतीलच, पण तो स्वतः काय बघतो हे त्यातून कळणार नाही. म्हणून निळे कागद, फसलेलेसुद्धा, मागे तारीख आणि उन्हात ठेवलेली मिनिटं लिहून एका फाइलमध्ये लावून ठेवायला सांगा.

बँकेच्या परीक्षांचं त्याच्या मनात असेल तरच बघा. बी.कॉम. मात्र सुटता कामा नये. परीक्षेच्या महिन्यात लग्नाची एकही ऑर्डर घ्यायची नाही, हे बाबांनी त्याला आत्ताच बजावून ठेवावं.