सदतिसाच्या उड्या

प्रश्न : माझी नात चौथीत आहे. तीसपर्यंतचे पाढे तिला येतात. सुट्टीत तिने आपणहून ३७च्या उड्या मारत मोजायला सुरुवात केली. ३७, ७४ आणि मग एकदम १११! पुढे २२२, ३३३ आले तशी वही घेऊन घरभर दाखवत फिरली. असं का होतं, ते मला सांगता आलं नाही. तिच्या आईचं म्हणणं, यात वेळ घालवण्यापेक्षा एकतीस ते चाळीस पाढे पाठ कर. काय करावं?
– एक आजी, कराड

उत्तर : तिला मुळीच थांबवू नका. पाढे पाठ असावेत, मीही वर्गात तीसपर्यंत म्हणवून घेत असे. पण ‘सदतीस दाहे तीनशे सत्तर’ म्हटलं की पाढा संपतो, आणि ३७ची खरी मौज त्यापुढेच आहे.

आधी १११चं बघू. १ + १ + १ = ३, म्हणून १११ला ३ने भाग जातो आणि भागाकार येतो ३७. त्यामुळे ९९९पर्यंत दर तिसऱ्या उडीला एकच अंक तीनदा येणारच. एककाचा अंकही तिला न्याहाळू द्या. ३७ मिळवायचे म्हणजे ४० मिळवून ३ काढायचे, म्हणून तो अंक तीन-तीनने मागे सरकतो : ७, ४, १, मग ८, ५, २, मग ९, ६, ३ आणि ०. दहाही अंक एकेकदा येऊन जातात.

आता चौकटीच्या वहीचं पान आडवं धरून एका ओळीत नऊ, अशा तीन ओळी लिहायला सांगा :

३७, ७४, १११, १४८, १८५, २२२, २५९, २९६, ३३३
३७०, ४०७, ४४४, ४८१, ५१८, ५५५, ५९२, ६२९, ६६६
७०३, ७४०, ७७७, ८१४, ८५१, ८८८, ९२५, ९६२, ९९९

आणि हे पान वरून खाली वाचायचं. १४८, ४८१, ८१४. तेच तीन अंक, फुगडीसारखे जागा बदलत गेलेले! १८५, ५१८, ८५१ तसेच. ३७च्या आधी शून्य मांडून ०३७ लिहा, तो रकानाही जुळतो. मात्र हे तिला सांगून टाकू नका. मी फळ्यावर या तीन ओळी लिहून गप्प उभी राहत असे. मुलं आधी ३३३ची वाढ पकडतात, अंकांचं फिरणं जरा उशिरा दिसतं. तेवढा वेळ मुलांना द्यायलाच हवा.

तिने ‘का?’ विचारलं तर चौथीतल्या मुलीला पुरेल एवढं कारण आहे. १४८ची दहापट १४८०. त्यातला पुढचा १ उचलून शेवटी ठेवला की ४८१ होतात. म्हणजे हजार गेले, एक आला, एकूण ९९९ वजा झाले. १४८० सदतिसाच्या उड्यांत येतात, ९९९ही येतात (२७ × ३७), तेव्हा उरलेले ४८१ही आलेच पाहिजेत. हा पडताळा वहीत तिच्या हाताने होऊ द्या.

हजाराशी थांबू नका. अठ्ठाविसावी उडी १०३६वर पडते. हजाराचा १ सुटा करून उरलेल्यात मिळवा : १ + ३६ = ३७. पुढे १०७३, १ + ७३ = ७४. मग १११०, १ + ११० = १११. तीच माळ पुन्हा सुरू झाली. यातून मोठ्या संख्येची परीक्षाही मिळते. ४५,०६६ला ३७ने भाग जातो का? ४५ + ६६ = १११, म्हणजे जातो. भागाकार मांडावाच लागत नाही.

तिसऱ्या ओळीच्या सुरुवातीचे ७०३ मला फार प्रिय. ७०३चा वर्ग ४,९४,२०९. त्याचे ४९४ आणि २०९ असे दोन तुकडे करून मिळवा, पुन्हा ७०३! अशा संख्यांना कापरेकर संख्या म्हणतात. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६) देवळालीला शाळेत शिक्षक होते. आकड्यांच्या अशा खेळांतच ते आयुष्यभर रमले, आणि आज जगभरचे गणिती त्यांचं नाव घेतात. नातीला त्यांच्याबद्दल जरूर सांगा.

तिच्या आईसाठी एवढंच, की एकतीस ते चाळीस पाठ करण्याची घाई नको. ४० मिळवून ३ काढणं ज्या मुलीला जमतं, तिला ३९चा पाढा लागेल तेव्हा मांडता येईल. उलट पाठ असलेल्या पाढ्यातच तिला परत पाठवा. ९९९ म्हणजे २७ × ३७, म्हणून ३७चा हा गुण २७मध्येही आहे. सत्तावीस पंचे पस्तीसासे तुम्हीही लहानपणी म्हटलं असेल. त्या १३५चे अंक फिरवा : ३५१, ५१३. दोन्ही २७च्या उड्यांत आहेत, तेराव्या आणि एकोणिसाव्या. १०८ आणि १८९ फिरवून काय मिळतं, ते तिला शोधू द्या.