तिला एक रात्र मोजायला बसव

पत्र (थोडं कापून):

अक्का, नमस्कार. मी तुमच्या धाकट्या भावासारखा. वय 44, अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात सुपरवायझर, वजन 97 किलो. दोन-तीन वर्षांपासून अंगात जीवच नसल्यासारखं वाटतं. सकाळी उठतानाच डोकं जड. कामगारांवर विनाकारण ओरडतो. रात्री दोन-तीनदा लघवीला उठावं लागतं. दुपारी जेवलं की खुर्चीतच डोळा लागतो, परवा तर सिग्नलला मोटारसायकलवर डुलकी आली. बायकोजवळ जायची इच्छा होत नाही (तसाही प्रश्न येत नाही म्हणा, मी घोरतो म्हणून ती तीन वर्षं मुलीच्या खोलीत झोपते). पूर्वी गड्ड्याच्या जत्रेआधी नंदीध्वज पेलायच्या सरावाला जायचो, आता दोन जिने चढलो की दम लागतो. मित्र म्हणाला म्हणून कामावरून सुटल्यावर संध्याकाळी रक्त दिलं, टेस्टोस्टेरॉन (पुरुषी हार्मोन) 268 आलं. जिममधला एक जण म्हणतो, इंजेक्शनं सुरू कर, महिन्यात पंचविशीतला होशील. एक डॉक्टरही द्यायला तयार आहेत. बायकोला विचारलं तर म्हणाली, 'हवं तर घ्या.' आम्हाला आणखी मूल नको आहे. घेऊ की नको, एवढंच सांगा.
एक सोलापूरकर

धाकटा भाऊ म्हणवतोस, तर अरे-तुरेच करते.

तुझं मूळ पत्र अडीच पानांचं. त्यात 268 हा आकडा चार वेळा आलाय, एकदा तर लाल पेनानं गोल करून. आणि बायको तीन वर्षं दुसऱ्या खोलीत झोपते, हे कंसात. का बे? घरातली बाई उशी-पांघरूण उचलून निघून गेली, ही कंसात घालायची गोष्ट आहे?

तुझ्या अडीच पानांतलं मला तेवढंच अर्धं वाक्य दिसलं. उरलेलं सगळं त्याच्याच पोटात आहे.

मी लहान असताना उन्हाळ्यात आमची सगळी आळी माळवदावर झोपायची. एप्रिल-मेमध्ये खाली घरात झोपणं शक्यच नसायचं. कोण किती घोरतं ते त्यामुळे चार घरांना पाठ. शेजारच्या काकांचं घोरणं मात्र वेगळं होतं. आवाज चढत चढत जायचा आणि एकदम बंद. चिडीचूप. आम्ही पोरं पांघरुणात तोंड खुपसून मोजायचो, एक, दोन, तीन, चार. मग काका घुसमटल्यासारखा एक आवाज काढून दचकायचे, कूस बदलायचे, की पुन्हा सुरू. एकदा आमची मोजणी बावीसपर्यंत गेली होती. जो सगळ्यात मोठा आकडा सांगेल त्याला सकाळी पहिला पेरू. काका दिवसभर दुकानाच्या गादीवर पेंगायचे आणि आम्ही त्यांना कुंभकर्ण म्हणायचो. पन्नाशी उलटल्यावर एका पहाटे ते उठलेच नाहीत. कशानं गेले, ते तेव्हा कुणी विचारलं नाही. पण त्यांचा श्वास थांबतो हे आळीतल्या सात-आठ पोरांना माहीत होतं आणि त्यांना स्वतःला माहीत नव्हतं, हे माझ्या मनातून आजही जात नाही.

आम्ही मोजत होतो त्याला डॉक्टर स्लीप ॲप्निया म्हणतात. झोपेत घसा सैल पडतो, जीभ मागं सरकते, हवेची वाट बुजते. रक्तातला प्राणवायू उतरायला लागला की मेंदू घाबरून माणसाला अर्धवट जागं करतो, वाट उघडते, पुन्हा झोप. दहा सेकंद किंवा जास्त श्वास अडला की ते एकदा धरतात. तासाला अशा अडथळ्यांची संख्या पाचच्या पुढं गेली की दुखणं, तीसच्या पुढं गेली की गंभीर. म्हणजे दर दोन मिनिटांना कुणीतरी गळा दाबून उठवतंय आणि सकाळी त्यातलं काहीच आठवत नाही. आठ तास झोपलो, असं वाटतं.

आता तुझंच पत्र पुन्हा वाच. सकाळी डोकं जड. रात्री लघवीला उठणं. श्वास कोंडला की छातीत ताण येतो, हृदय तसा इशारा सोडतं आणि मूत्रपिंडं जास्त पाणी काढायला लागतात. चिडचिड, दुपारची पेंग, इच्छा मरणं. हे सगळं तू त्या 268 च्या खात्यावर मांडलंस. ते घोरण्याच्या खात्यावर मांडून बघ, हिशेब जास्त चोख जुळतो. शर्टाची कॉलर किती इंचाची घेतोस ते लिहिलं नाहीस. सतराच्या पुढं असेल तर मला नवल वाटणार नाही.

आणि तो आकडा! टेस्टोस्टेरॉन शरीर मुख्यतः झोपेत भरतं. पहाटे भांडं काठोकाठ असतं, संध्याकाळपर्यंत बरंच उतरतं. म्हणून रक्त सकाळी दहाच्या आत, उपाशीपोटी द्यायचं, आणि कमी आलं तर दुसऱ्या एखाद्या दिवशी पुन्हा. दोन्ही वेळा 300 च्या खाली आलं तरच पुढची चर्चा, आणि त्या चर्चेत एलएच, प्रोलॅक्टिन असल्या दुसऱ्या हार्मोनच्या तपासण्याही येतात, कारण बिघाड खाली वृषणांत आहे की वर मेंदूतल्या ग्रंथीत, हे कळायला हवं. तू गेलास बारा तास यंत्रांच्या खडखडाटात उभा राहून, संध्याकाळी, तेही झोप पार फाटलेली असताना. दिवसभर उन्हात ठेवलेलं दूध रात्री नासलं म्हणून म्हैस बदलायला निघाला आहेस तू.

ज्यांना इंजेक्शनची खरोखर गरज असते असे पुरुष आहेत. कुणाचे वृषण गालगुंडात खराब झालेले असतात, कुणाच्या मेंदूतल्या ग्रंथीत गाठ असते, कुणी जन्मतःच तसा असतो. त्यांना या औषधानं माणसात आणलं आहे, त्याची टिंगल मी करणार नाही. पण तू त्यांच्यातला आहेस हे अजून कुणीही दाखवलेलं नाही.

जिमवाला तुला सांगेल की हृदयाला काही होत नाही, नवीन संशोधन आलंय. अर्धं खरं आहे. 2023 साली पाच हजारांहून जास्त पुरुषांवरचा एक मोठा अभ्यास आला. त्यात हार्ट अटॅक आणि लकवा वाढलेला दिसला नाही. पण हृदयाचे ठोके अनियमित होणं आणि फुप्फुसात रक्ताची गुठळी अडकणं हे औषध घेणाऱ्यांत जास्त दिसलं. आणि ते पुरुष सकाळी दोनदा रक्त देऊन पारखून घेतलेले होते. संध्याकाळी साडेसहाच्या एका रिपोर्टावर नव्हे.

तुझ्या बाबतीत याहून साधी भीती आहे. टेस्टोस्टेरॉननं रक्तातल्या तांबड्या पेशी वाढतात, रक्त घट्ट होतं. ज्याचा श्वास रात्रभर अडतो त्याचं शरीर आधीच प्राणवायूसाठी धडपडत असतं, आणि या औषधानं ते अडणं आणखी वाढू शकतं. म्हणूनच अमेरिकेतल्या एंडोक्राइन सोसायटी या हार्मोनतज्ज्ञांच्या संघटनेच्या 2018 च्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट लिहिलंय, गंभीर स्लीप ॲप्नियावर उपचार झालेला नसेल तर हे औषध सुरू करू नये. द्यायला तयार असलेल्या डॉक्टरांनी तुला एकदा तरी विचारलं का, 'घोरता का?' विचारलं असतं तर तू मला लिहिलं असतंस.

(तुम्हाला मूल नको, म्हणून तुझ्यापुरतं हे सोडून देते. पण तिशीतली पोरंही हे सदर वाचतात, त्यांच्यासाठी सांगते. तयार माल बाहेरून यायला लागला की मालक आपल्या मागांना ऑर्डर देत नाही. शरीराचंही तसंच. बाहेरून टेस्टोस्टेरॉन आलं की मेंदू वृषणांना कामच सांगत नाही, ते आक्रसतात, वीर्यातले शुक्राणू पार शून्यावरही जातात. बंद केल्यावर माग पुन्हा धरायला कित्येक महिने लागतात. लग्न ठरलेल्या पोरानं जिममध्ये हे टोचून घेणं म्हणजे वेडेपणा आहे.)

आता तुझ्या बायकोकडे येते. मी तिच्यासाठी हळहळेन अशी वाट बघणाऱ्या वाचकांनी हे परिच्छेद सोडून द्यावेत. त्या बाईला सगळं माहीत आहे. जो माणूस असा घोरतो त्याच्याशेजारी झोपलेल्या बाईनं ती मधली शांतता ऐकलेली असतेच. ती आधी घाबरलेली असते, हलवून उठवलेलं असतं, आणि मग एका रात्री ती उठून गेली आणि दार लावून घेतलं. मुलीची सकाळची शाळा, स्वतःची झोप, सगळं मान्य. पण दार लावल्यानं तुझा श्वास चालू राहत नाही, फक्त तिला ऐकू येत नाही. 'हवं तर घ्या' हे त्याच लावलेल्या दारामागून आलेलं वाक्य आहे. मला त्याचा राग आला, लपवत नाही.

तू तरी काय वेगळं केलंस? ती गेली त्या रात्री तू काय म्हणालास ते पत्रात नाही. माझा अंदाज, हसलास. पाहुण्यांसमोर 'आमच्या घरात रात्री माग चालतो' असला काहीतरी विनोद केलास. मग हळूहळू तुझ्या मनानं घेतलं की ती गेली कारण तू पुरुष म्हणून कमी पडलास, आणि आता तो कमीपणा सुईतून भरून काढायला निघालास. समज, इंजेक्शन लागू पडलं. इच्छा आली. मग काय करणार आहेस? मुलीच्या खोलीचं दार वाजवणार?

मी हे वरून बोलत नाही. आमच्याही घरात एक जण तोंडाला मास्क लावून, नळी गणपतीच्या सोंडेसारखी छातीवर घेऊन झोपतो. ते मशीन हवेच्या दाबानं घसा रात्रभर उघडा ठेवतं. 1981 साली ऑस्ट्रेलियातल्या कॉलिन सुलिव्हन नावाच्या डॉक्टरनं ते जगापुढं मांडलं, आणि सुरुवातीला म्हणे घर झाडायच्या व्हॅक्यूम क्लीनरची मोटर वापरली होती. पहिल्या आठवड्यात आमच्याकडे मास्क तीनदा भिंतीवर आपटला गेला. आता प्रवासाला जाताना कपड्यांआधी पिशवीत तो भरतात. मशीननं तुझा 268 चा आकडा चढेलच असं सांगून मी तुला फसवणार नाही. तो चढायला पोट उतरावं लागतं. पण झोप लागलेला माणूस चालायला तरी बाहेर पडतो. पेंगणारा माणूस शेंगा चटणी आणि चौथी भाकरी घेऊन बसतो.

तर तुला काय करायचं ते ऐक. एकच गोष्ट आहे.

आज रात्री मुलगी झोपली की बायकोला सांग, 'आजची रात्र माझ्या खोलीत ये. झोपायला नको. बस, आणि मोज.' अगदी याच शब्दांत सांग, लाजू नको. तिच्या हातात फोन दे. तू घोरायला लागलास की तिनं रेकॉर्डिंग सुरू करायचं, आवाज थांबला की मनात आकडे मोजायचे आणि कागदावर लिहून ठेवायचे. तासभर पुरे. सकाळी तो कागद दोघांनी मिळून वाचायचा. चहा होईपर्यंत कुणी काही बोलायचं नाही.

मग तो कागद आणि रेकॉर्डिंग घेऊन छातीच्या डॉक्टरकडे जायचं, तिला बरोबर घेऊन. खर्चाचं अवघड वाटत असेल तर आधी सिव्हिलला दाखव. स्लीप स्टडी करायला सांग. बोटाला चिमटा, नाकाला बारीक नळी आणि छातीला पट्टा लावून रात्रभर नोंद घेतात. त्याचा निकाल हातात येईपर्यंत एक थेंबही टोचून घ्यायचा नाही. सकाळचं रक्त त्यानंतर बघू. आणि तोपर्यंत मोटारसायकलची किल्ली घरी ठेव, एमआयडीसीला शेअर रिक्षानं जा. सिग्नलला डुलकी आली तेव्हा गाडी उभी होती म्हणून तू मला पत्र लिहू शकलास.

रेकॉर्डिंग मला पाठवू नकोस.

हो, आणि त्या रात्री पंखा बंद ठेव, नाहीतर त्याच्या घरघरीत तिला थांबलेलं कळणार नाही. उकडेल. एक रात्र उकडू दे दोघांनाही.

अक्का