‘तुम्हाला काही विचारायचे आहे का?’

आदरणीय महोदय,

सप्रेम नमस्कार. आपल्या मुलीने मेकॅनिकलचा डिप्लोमा पूर्ण केला, चाकणमध्ये वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात तिची मुलाखत झाली आणि शेवटी ‘तुम्हाला काही विचारायचे आहे का?’ असे विचारताच ती ‘नो सर, थँक यू’ म्हणून उठली, असे आपण लिहिले आहे. तिची निवड झाली नाही. आता पुढच्या आठवड्यात रांजणगावला दुसरी मुलाखत आहे. नोकरी मागायला गेलेल्याने साहेबाला उलट प्रश्न करणे उद्धटपणाचे नाही का, आणि नसेल तर नेमके काय विचारावे, असे आपण विचारता.

पहिली संधी त्या एका वाक्यामुळे हुकली असे मी म्हणणार नाही; सहसा तसे होत नाही. परंतु समुपदेशनाकडे वळण्यापूर्वी मी स्वतः एका कारखान्यात निवड करणाऱ्यांच्या बाजूने बरीच वर्षे बसलो आहे. एकदा दिवसभरात वीसेक मुले येऊन गेल्यावर एका मुलाने विचारले, ‘सर, तुमच्या लाइनवर सगळ्यात जास्त रिजेक्शन कोणत्या ऑपरेशनला येते?’ आमच्या उत्पादन विभागाच्या प्रमुखांनी खिशातले पेन काढले, त्याच मुलाचा बायोडेटा उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर लाइनचा आराखडा काढून ते दहा मिनिटे बोलत राहिले. तो बायोडेटा नंतर फाइलला लावताना आम्हाला हसू आले होते. उद्धटपणाची शंका मात्र कोणाच्याही मनात आली नाही, कारण मुलाने साहेबांना त्यांच्या रोजच्या डोकेदुखीविषयी विचारले होते.

म्हणून मुलीला पहिली गोष्ट ही सांगावी की, ज्याच्याकडे उत्तर असेल त्यालाच प्रश्न विचारावा. टेक्निकल राउंडला बसलेला अभियंता सुट्ट्या आणि पगार यांविषयी फारसे सांगू शकत नाही. उलट एचआरच्या व्यक्तीला मशीनविषयी विचारून तिलाही अडचणीत टाकू नये. अभियंत्याला विचारण्यासारखे पुष्कळ आहे. पहिल्या सहा महिन्यांत माझ्याकडून कोणते काम अपेक्षित आहे, मी उत्पादनात असेन की क्वालिटीत, शिकवणारे माणूस कोण असेल, आणि ही जागा नव्याने निर्माण झाली आहे की कोणी सोडून गेल्यामुळे रिकामी झाली आहे? हा शेवटचा प्रश्न मला विशेष मोलाचा वाटतो. ‘नवीन लाइन सुरू होते आहे’ किंवा ‘आधीच्या मुलाला बढती मिळाली’ असे सरळ उत्तर आले तर उत्तमच. मुलाखत घेणारे एकमेकांकडे पाहून विषय बदलू लागले तर तेही लक्षात ठेवावे. दोन किंवा तीन प्रश्न पुरेत. वहीतली यादी काढून वाचू नये आणि उत्तर पूर्ण ऐकल्याशिवाय पुढच्या प्रश्नाकडे वळू नये.

पगाराविषयी विचारावे की नाही, यावर आपण सर्वाधिक लिहिले आहे. एचआर राउंडमध्ये, किंवा निवडीची चिन्हे दिसू लागल्यावर, जरूर विचारावे. पहिल्याच पाच मिनिटांत नको. प्रश्नही ‘किती देणार?’ असा न ठेवता ‘सीटीसीची विभागणी कशी आहे आणि त्यातला बदलता भाग किती?’ असा ठेवावा. सीटीसी म्हणजे कंपनी एका कर्मचाऱ्यावर वर्षभरात करते तो एकूण खर्च. समजा वर्षाचे ३ लाख सांगितले, म्हणजे महिन्याचे २५,००० झाले. बेसिक त्याच्या निम्मा, १२,५०० धरला, तर कंपनीच्या वाट्याचा १२ टक्के पीएफ १,५०० आणि ग्रॅच्युइटीची साधारण ४.८१ टक्के तरतूद सुमारे ६०० रुपये हे बहुतेक ठिकाणी सीटीसीतच मोजतात. मुलीच्या वाट्याचे १,५०० वेगळे कापले जातात. हातात येतात २१,४०० च्या आसपास, आणि कँटीन वा बसचे पैसे कापले जात असतील तर त्याहूनही कमी. हा हिशेब घरी माहीत नसला की पहिल्या पगाराच्या दिवशी उगीच मन खट्टू होते.

याहून महत्त्वाचा, आणि आमच्याकडची मुले हमखास विसरतात असा प्रश्न म्हणजे, ‘ही नेमणूक कंपनीच्या रोलवर आहे, कंत्राटदारामार्फत आहे की अप्रेंटिस म्हणून आहे?’ बोलताना तिन्हींना सर्रास ‘ट्रेनी’ म्हटले जाते. फरक मात्र मोठा आहे. १९६१ च्या अप्रेंटिस कायद्याखाली घेतलेल्या उमेदवाराला विद्यावेतन मिळते, त्याची गणना कामगारात होत नाही, आणि मुदत संपल्यावर कायम नोकरी देणे कंपनीवर आपोआप बंधनकारक होत नाही. अप्रेंटिसशिप वाईट आहे असे माझे मुळीच म्हणणे नाही. एक वर्ष चांगल्या शॉप फ्लोअरवर काढलेले मूल पुढे कुठेही उभे राहते. फक्त आपण कशावर सही करतो आहोत, हे आधी ठाऊक असावे. मागच्या तुकडीतल्या किती जणांना पुढे कायम केले, हे त्यालाच जोडून विचारता येईल.

बाँड, म्हणजे ठराविक काळाआधी नोकरी सोडल्यास पैसे भरण्याचा करार, असेल तर किती काळाचा व किती रकमेचा, आणि मूळ गुणपत्रिका जमा करून घेतात का, हेही स्पष्ट विचारून घ्यावे. ‘बाँडला कोर्टात काही अर्थ नसतो’ या मित्रमंडळींच्या सांगण्यावर विसंबू नये. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका सरकारी बँकेची, तीन वर्षांच्या आत नोकरी सोडल्यास २ लाख रुपये भरण्याची अट वैध ठरवली आहे. प्रत्येक खासगी बाँड तसाच टिकेल असे नाही, परंतु सही करणाऱ्याने तो टिकू शकतो असे धरूनच चालावे.

पाळ्यांविषयी विचारायला मुलगी संकोचेल असे आपल्याला वाटते. ‘मी रात्रपाळी करणार नाही’ असे सांगण्याऐवजी ‘पाळ्या किती दिवसांनी बदलतात आणि सेकंड शिफ्ट सुटल्यावर कंपनीची बस कुठपर्यंत येते?’ असे विचारावे. संध्याकाळी ७ नंतर आणि सकाळी ६ पूर्वी स्त्रियांना कामावर ठेवायचे तर त्यांची संमती कायद्याने आवश्यक आहे; त्यामुळे हा प्रश्न एचआरला नवा नसतो आणि खटकतही नाही.

‘तुमची कंपनी काय बनवते?’ हे मात्र विचारू नये. ते घरून पाहूनच जावे.

उठण्यापूर्वी तिने निकाल साधारण कधी आणि कोणाकडून कळेल, एवढे विचारून घ्यावे. सांगितलेली तारीख उलटून तीन-चार दिवस झाले, तर दोन ओळींचा ईमेल पाठवावा. आणि तो तिने स्वतःच्या नावाने पाठवावा, कृपया आपण फोन करू नये.