बाहेरची काच, कंपनीची चावी

प्रश्न : सासऱ्यांकडून आलेलं साठच्या दशकातलं ओमेगा सीमास्टर ऑटोमॅटिक (हाताच्या हालचालीने आपोआप चावी भरणारं) आहे. प्लॅस्टिकच्या काचेवर ओरखडे आहेत, चावीचे (वेळ लावायच्या बाजूच्या बटणाचे) दाते गुळगुळीत झालेत. इथले घड्याळवाले दोन्ही पार्ट बाहेरचे, म्हणजे कंपनीचे नसलेले, बसवू म्हणतात. घड्याळाची किंमत जाईल का? — एक वाचक, सांगली

उत्तर : काचेने फारशी जात नाही, चावीने थोडी जाते. डायल आणि काटे बदलले की मात्र नक्की जाते. त्यामुळे घड्याळ हातात देतानाच सांगा : डायल, काट्यांना हात लावायचा नाही, केसला (मशीनभोवतीच्या धातूच्या खोळीला) पॉलिश करायचं नाही. डाग पडलेली मूळ डायल नव्याने रंगवलेल्या डायलपेक्षा मोलाची असते.

काच बदलण्याआधी घासून बघा. ओरखडा नखाला अडकत नसेल तर प्लॅस्टिक काचेची पॉलिश पेस्ट मऊ सुती कापडावर घेऊन दोन-तीन मिनिटं गोलगोल फिरवली की बहुतेक वेळा भागतं. मूळ काचेच्या बरोबर मध्यावर ओमेगाची टाचणीच्या टोकाएवढी खूण असते, भिंगाखाली ती दिसते. दिसली तर काच जपाच. तडा गेला असेल तर बाहेरची काच खुशाल लावा, पण माप तंतोतंत हवं. व्यास मिलिमीटरच्या दशांशात मोजतात, आणि आत धातूची रिंग असलेली काच लागते की साधी, ते केसवर ठरतं. काच बसकी आली तर सेकंद काटा तिला आतून घासतो आणि घड्याळ मध्येच थांबतं. मग दोष मशीनचा समजून विनाकारण मशीन खोललं जातं.

चावीचं काम जास्त नाजूक. तिच्या पोटात बारीक रबर रिंग असते. ती केसमधून बाहेर आलेल्या नळीवर घट्ट बसते आणि पाणी अडवते. नळीचा बाहेरचा व्यास, स्टेमच्या (चावीला जोडलेल्या आतल्या दांडीच्या) आट्याचं माप आणि चावीची उंची, ही तिन्ही मापं जुळली पाहिजेत. नळीपेक्षा चावी सैल असेल तर ती दिसायला नीट बसते, पण पहिल्या पावसातच ओल आत जाते. नवा स्टेम आधी लांब ठेवून थोडाथोडा कापायचा असतो. लांब राहिला तर चावी आणि केसमध्ये फट दिसते, जास्त कापला गेला तर तो वाया. आमचं मत : काच बाहेरची चालेल, चावीसाठी मात्र थोडं थांबा आणि जुन्या साठ्यातली कंपनीची शोधायला सांगा. झिजलेली चावी पाकिटात घालून घड्याळासोबतच ठेवा.

प्रश्न : रोलेक्स डेटजस्टची काच फुटली म्हणून बाहेरची सफायर (सहसा ओरखडा न पडणारी कडक काच) बसवली. आता कास पठाराला गेलं की आतून वाफ धरते. तारीखही पूर्वीएवढी मोठी दिसत नाही. — एक वाचक, सातारा

उत्तर : दोन्हीचं मूळ त्याच काचेत दिसतं. रोलेक्सचं तारखेवरचं भिंग अडीच पट मोठं दाखवतं. बाहेरच्या काचांवरचं बरेचदा त्याहून कमी. वाफेचं कारण बहुधा काचेभोवतीची प्लॅस्टिक रिंग. काच तिच्यात बसते आणि वरून बेझल (काचेभोवतीचं धातूचं कडं) दाबून आवळतो. काचेच्या व्यासात किंचित फरक असला तरी रिंग एका बाजूला चेपते. कासच्या वाटेवरचा यवतेश्वरचा घाट चढून गार हवेत गेलात की आत शिरलेला दमटपणा काचेवर जमतो.

हेअर ड्रायर लावू नका, त्याने ओल मशीनमध्ये पसरते. चावीही ओढू नका. दोन दिवसांच्या आत मागचं झाकण उघडून घ्या, कारण स्टीलच्या बारीक पार्टना गंज लवकर चढतो. काच, काचेची रिंग आणि झाकणाची रबर रिंग एकदमच बदला. मग तपासणी मागा. आधी कोरडी (पाण्यात न बुडवता हवेच्या दाबाने केलेली) प्रेशर टेस्ट. ती पास झाली की घड्याळ ४० ते ४५ अंश गरम पट्टीवर तापवून काचेवर साध्या पाण्याचा थेंब मिनिटभर ठेवतात. थेंब पुसल्यावर आतून धुकं दिसलं तर ओल अजून आहे.

रोलेक्स सुटे पार्ट खुल्या बाजारात विकत नाही, हेही लक्षात घ्या. बाहेरचे पार्ट असलेलं घड्याळ कंपनीच्या सेंटरला दिलं तर ते मूळ पार्ट लावण्याची अट घालतात किंवा काम नाकारतात. या घड्याळाला पुढे कंपनीचीच सर्व्हिस हवी असेल, तर आता दुसरी बाहेरची काच लावण्यात पैसे घालवू नका.

प्रश्न : स्विस ऑटोमॅटिक आहे, मशीन ईटीए २८२४-२. मेनस्प्रिंग (घड्याळ चालवणारी मुख्य स्प्रिंग) तुटली. बाहेरची चालेल? — एक वाचक, मिरज

उत्तर : चालेल, मेनस्प्रिंग खास त्यासाठी बनवणाऱ्या कंपन्या आहेत. पण स्प्रिंग ऑटोमॅटिकचीच घ्या. तिच्या टोकाला अडकवायची आकडी नसून घसरणारी पट्टी असते. पूर्ण चावी भरली की ती ड्रमच्या (स्प्रिंग ज्यात गुंडाळलेली असते त्या डबीच्या) भिंतीवरून सरकते. हातचावीची स्प्रिंग बसवली तर ती सरकणार नाही आणि रोटर (हाताच्या हालचालीने फिरणारं आतलं वजन) फिरतच राहिल्याने ताण दात्यांवर येईल. ड्रमच्या भिंतीला लागणारं ग्रीसही वेगळं असतं, साधं तेल चालत नाही. स्प्रिंगची जाडी जास्त आली तर बॅलन्स (मागेपुढे झुलणारं चाक) गरजेपेक्षा जास्त फिरतो आणि घड्याळ पुढे पळतं. पूर्ण चावी भरून, डायल वर ठेवून टायमिंग मशीनवर बॅलन्सच्या झोक्याचं रीडिंग घ्यायला सांगा : २७० ते ३१० अंश असेल तर काम नीट झालं. ३३० च्या पुढे गेलं तर तिथल्या तिथे स्प्रिंग बदलून घ्या.