अंक तयार आहे, नाव अडलंय

प्रश्न : नमस्कार. आम्ही चौघं मित्र मिरजेचे. एक जण तंबोऱ्याच्या कारखान्यात आहे, एक तबल्याचे क्लास घेतो, बाकी दोघं नोकरी करून गाणं ऐकणारे. संगीतावर मराठीत त्रैमासिक काढायचं ठरलंय, शास्त्रीय, नाट्यसंगीत, लोकसंगीत आणि हल्ली पोरं रॅप करतात तेही घ्यायचंय. पहिल्या अंकाचा मजकूर जवळजवळ तयार आहे पण नावावरून व्हॉट्सॲप ग्रुपवर तीन महिने भांडण चालू आहे. स्वरगंगा, भैरवी, ललित, सारेगम, नाद, सम आणि जवारी एवढी नावं निघालीत. कुठलं ठेवावं?
– चार मित्र, मिरज

उत्तर : तीनच महिने ना, मग अजून मैत्री शाबूत असेल, पटकन ठरवून टाका.

स्वरगंगा पहिलं यादीतून काढा. नाव वाईट नाही हो, पण स्वरगंगा, स्वरांजली, सूरसंगम, स्वरझंकार ही नावं इतकी वापरून झालीत की ती मासिकाची वाटतच नाहीत, वाद्यवृंदाची वाटतात, नाहीतर सोसायटीची, ‘स्वरगंगा अपार्टमेंट, बी विंग’. नुसतं ‘संगीत’ पुढे लावायचा विचार कुणाच्या डोक्यात असेल तर तोही सोडा, आपल्याकडे सौभद्रपासून ‘संगीत अमुक’ म्हटलं की नाटकच वाटतं, लोक तिकीट कितीला विचारतील.

भैरवी सुचवणाऱ्या मित्राला माझा नमस्कार सांगा आणि विचारा की बाबा, मैफल कशाने संपते? पहिल्याच अंकावर भैरवी छापायची म्हणजे आलेल्या पाहुण्याला दारातच पानसुपारी देऊन वाटेला लावल्यासारखं. ललित राग म्हणून सुंदर आहे, पण त्या नावाचं मासिक १९६४ पासून आहे आणि ते पुस्तकांबद्दल आहे, मराठी वाचणाऱ्या कुणालाही विचारा. (तसं बघायला गेलं तर आपल्याकडे नावांची गंमतच आहे, ‘अंतर्नाद’ हे साहित्याचं मासिक, ‘आवाज’ हा विनोदी दिवाळी अंक, म्हणजे गाण्याची चांगली चांगली नावं गाणं सोडून सगळ्यांनी नेली.) सारेगमचा तर विचारही करू नका, त्या नावाची रेकॉर्ड कंपनी आहे, जुनी एचएमव्हीवाली, आणि टीव्हीवरचा कार्यक्रम आहेच. वकिलाची नोटीस हा तुमचा पहिला वाचकपत्रव्यवहार होईल.

आता माझं एक सांगतो. बऱ्याच वर्षांपूर्वी आम्ही मित्रांनी एक अनियतकालिक काढलं होतं, नाव ठेवलं ‘षड्ज’, म्हणजे सारेगममधला सा. आम्हाला फार भारी वाटायचं, सगळ्या सुरांचा पाया वगैरे. पण पहिल्या अंकाच्या वेळी प्रेसमधल्या फॉन्टमध्ये ते जोडाक्षर फुटलं आणि कव्हरवर ड, पाय मोडलेला, आणि ज वेगळा असं छापून आलं, स्टॉलवाला त्याला ‘शडज’ म्हणायचा, आणि फोनवर तर विचारूच नका, प्रत्येक वेळी ‘षटकोनातला ष’ इथपासून सुरुवात करावी लागायची. चार अंकांत बंद पडलं. नावामुळे पडलं असं नाही म्हणत, पैसे संपले, पण नावाने मदत काही केली नाही. तेव्हापासून माझी एकच परीक्षा असते, नाव फोनवर एकदा सांगायचं, समोरच्याने परत ‘काय?’ विचारलं की नाव नापास. आणि ही परीक्षा गाण्यातल्या माणसावर घ्यायची नाही, आपल्या मावशीवर किंवा रिक्षावाल्यावर घ्यायची.

सम या परीक्षेत पास होतं. अर्थही फार छान आहे, तालाच्या आवर्तनाची पहिली मात्रा, सगळे फिरून जिथे येतात आणि बसलेल्यांची मान आपोआप हलते ती जागा. अमेरिकेत शिकागोला १९३४ मध्ये जॅझचं मासिक निघालं, त्याचं नाव ‘डाउनबीट’, म्हणजे मात्रांच्या गटातली पहिली मात्रा, जिथे वाद्यवृंद चालवणाऱ्याचा हात खाली येतो. आपल्या समेची बहीणच म्हणा, सख्खी नसली तरी. ते मासिक अजून चालू आहे. त्यांना जे जमलं त्यात मला हे आवडतं की त्यांनी संगीताची थोरवी सांगणारा शब्द नाही घेतला, वाजवणाऱ्याच्या रोजच्या कामातला घेतला. पण ‘सम’चं दुखणं असं की तो इवलासा शब्द आहे, इंटरनेटवर टाकला तर समविषम, समसमान, समभाग सगळं येईल आणि तुम्ही विसाव्या पानावर.

नाद? तुम्ही मिरजेचे आणि मला विचारता? कोल्हापूर पन्नास किलोमीटरवर आणि तिथे नाद म्हणजे काय ते तुम्हाला माहीत आहे. ‘नाद खुळा’ म्हणून लोक हसत हसत अंक घेतील, हे वाईट नाहीच, पण आतमध्ये ख्यालावर बारा पानांचा लेख असेल तर जरा चुकामूक होईल.

राहिलं जवारी. हे नाव तंबोऱ्याच्या कारखान्यातल्या मित्राने सुचवलं असणार आणि बाकीच्यांनी ‘हे कुणाला कळणार’ म्हणून हाणून पाडलं असणार, बरोबर ना? माझं मत या नावाला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, तंबोऱ्याची तार ज्या घोडीवर टेकते तिचा माथा अगदी किंचित गोलवा देऊन घासलेला असतो, वर तारेखाली सुताचा दोरा सरकवतात, तो बरोबर जागी बसला की एका तारेतून सुरांचा अख्खा घोळका उठतो, तो जो गुंजारव येतो ती जवारी. घोडी झिजली की कारागिराकडे नेऊन जवारी काढून घ्यावी लागते. ऐकणाऱ्याला हे दिसतच नाही आणि गाणाऱ्याचं त्यावाचून चालत नाही. मासिकाने हेच काम करायचं असतं की नाही? शिवाय मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालंय, म्हणजे हा शब्द तुमच्या गावचा आहे, पुण्यामुंबईत बसून कुणी ठेवला असता तर उसना वाटला असता. आणि दुसरी मजा म्हणजे तुमच्या भागात जवारी कोंबडी, जवारी मिरची म्हणतात ना, म्हणजे अस्सल गावठी, संकरित नाही ते. लोकसंगीत आणि गावातली रॅप करणारी पोरं दोन्ही त्या अर्थात आपसूक बसतात. एका शब्दात घराणं आणि गावठाण दोन्ही, अजून काय पाहिजे.

अडचणी आहेत. कुणी जव्हारी लिहितात, कुणी जवार, तेव्हा एक स्पेलिंग पक्कं करा, मराठीत आणि रोमन अक्षरांतही. आणि पुण्याकडचा वाचक ज्वारी वाचणार, भाकरीवर विनोद करणार, तो पहिले दोन अंक सहन करायचा. नावाखाली बारीक अक्षरात ‘संगीताचं त्रैमासिक’ छापा म्हणजे शेतीचा अंक समजून कुणी घ्यायला नको.

प्रश्न : नाव ठरलं की लगेच छापता येतं का? कुठे नोंदवावं लागतं का?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : लगेच छापू नका. नियतकालिकांच्या नोंदणीचा १८६७ चा जुना कायदा गेला, आता २०२३ चा कायदा आहे, १ मार्च २०२४ पासून लागू. अर्ज ऑनलाइन, प्रेस सेवा पोर्टलवर. मुख्य नियम लक्षात ठेवा: त्याच भाषेत भारतात कुठेही, किंवा त्याच राज्यात कुठल्याही भाषेत, दुसऱ्या मालकाचं तेच किंवा तसंच नाव असेल तर तुम्हाला मिळत नाही. म्हणजे मुंबईतून निघणाऱ्या हिंदी अंकाने तुमचं लाडकं नाव आधीच घेतलेलं असू शकतं. म्हणून एका नावाच्या प्रेमात पडून लोगो, टीशर्ट, उद्घाटनाचा हॉल असं सगळं करून बसू नका, चार-पाच नावं पसंतीच्या क्रमाने हाताशी ठेवा. ट्रेडमार्क हे वेगळं प्रकरण आहे, छापील मालासाठी वर्ग १६, तिथेही शोधून बघा.

प्रश्न : आम्ही ठाण्यातली कॉलेजची मुलं. मराठी हिपहॉपवर अंक काढतोय. इंग्रजी नाव ठेवलं तर कूल वाटेल का?
– ग्रुप, ठाणे

उत्तर : इंग्रजीला माझा विरोध नाही. ‘रोलिंग स्टोन’ हे १९६७ चं सॅन फ्रान्सिस्कोचं मासिक, नावामागे गडगडत्या दगडाची जुनी म्हण, मडी वॉटर्स या ब्लूज गायकाचं गाणं, बॉब डिलनचं गाणं, रोलिंग स्टोन्स हा बँड, असं सगळं एकत्र होतं, आणि त्यांच्या वाचकांना ते न सांगता कळत होतं. तुमच्या इंग्रजी नावामागे तुमच्या वाचकांना काय कळणार आहे? ‘बीट्स अँड व्हाइब्स’ असं काहीतरी ठेवणार असाल तर कॅफे वाटेल, कोल्ड कॉफीचे दरही लिहा. तुमच्या नाक्यावर चांगला शेर पडला की पोरं काय ओरडतात? एक संध्याकाळ कट्ट्यावर बसून ते लिहून काढा, यादी मला पाठवा, मग बोलू.